इंजेक्टर बदलायचा की ठेवायचा?

गाडी चालू असते, पण तिच्यावर भरवसा उरलेला नसतो. धाकट्या भावाची 150 सीसीची मोटरसायकल गेले दोन महिने अशीच चालली होती. सकाळी पहिल्या बटणाला सुरू व्हायची नाही. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मूठ पिळली की क्षणभर दम सोडायची, मग एकदम झटका देऊन पुढे जायची. अॅव्हरेज 48 वरून 41 वर आलं होतं. भाऊ लोणंदहून शिरवळला कंपनीत जातो. पहिल्या पाळीला पहाटे अंधारात निघतो. ट्रकला ओव्हरटेक करताना गाडीने तो क्षणभराचा दम सोडला तर काय होईल, हा विचार अम्मीच्या डोक्यातून जात नव्हता. माझ्याही नाही.

एका दुकानात दाखवली तेव्हा पाच मिनिटांत निकाल लागला. "इंजेक्टर गेलाय, नवीन टाका." कंपनीचा 2600 रुपयांना, बाहेरचा 700 ला. भाऊ म्हणाला, "भाईजान, टाकून टाकू. रोजची कटकट मिटेल." पैसे मी देणार होतो, म्हणून निर्णयही माझ्याकडे आला. बाहेरचा 700 चा टाकायचा नाही, एवढं लगेच ठरलं. तो आतून कसा बनवलाय हे कुणीच सांगू शकत नव्हतं. प्रश्न उरला तो मूळचा काढून कंपनीचा नवा घालायचा की नाही, एवढाच.

देशात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. त्याच्या जागी हा बोटाएवढा इंजेक्टर आला. टाकीतला पंप पेट्रोल दाबाने त्याच्यापर्यंत पोचवतो. आत तारेचं वेटोळं असतं. वीज मिळाली की सुई उचलली जाते, केसाएवढ्या छिद्रांतून पेट्रोलचा फवारा उडतो, वीज थांबली की सुई बसते. इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्या घेत असेल तर हे सेकंदाला 50 वेळा होतं. भावाची गाडी 2021 ची, 62,000 किलोमीटर झालेली. सरासरी ताशी 50 चा वेग आणि 4500 फेऱ्या धरून मी हिशेब केला. ही सुई आजवर सोळा कोटींहून जास्त वेळा वर-खाली झाली असावी. आकडा बघून वाटलं, आता हिला निवृत्त करावं. पण काम किती झालंय आणि काम बिघडलंय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मीटरवर दिसतं, दुसऱ्याचं तपासल्याशिवाय मिळत नाही.

अॅव्हरेजचाही थोडा हिशेब करावा लागला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच भागातल्या उसातून कारखाने इथेनॉल करतात, त्यामुळे त्याच्याविषयी वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. आधीच्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल होतंच. वाढलेल्या 10 टक्क्यांमुळे अॅव्हरेज तीन-साडेतीन टक्के उतरू शकतं, म्हणजे 48 चं 46 च्या आसपास. त्याचा दोष इंजेक्टरला देता येत नाही. खालचे पाच किलोमीटर मात्र कुठेतरी गळत होते. शिवाय इथेनॉल पाणी धरतं आणि टाकीतला जुना गाळ सोडवतं. पावसाळ्यात हे आणखी नडतं.

मी गाडी घेऊन अब्बांच्या ओळखीच्या उस्तादांकडे गेलो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी होती, गॅरेजसमोर दिंड्यांच्या गाड्या उभ्या होत्या. उस्ताद म्हणाले, "पालखी तरडगावला जाऊ दे बेटा, मग बघू निवांत."

उस्तादांविषयी थोडं सांगायला हवं. आपल्या समाजात गॅरेज, वेल्डिंग, रेडिएटर अशी हाताची कामं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. स्वयंरोजगारावर जगणाऱ्या मुसलमानांचं मोठं प्रमाण 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालातही नोंदलेलं आहे. उस्ताद कार्बोरेटरचा स्क्रू कानाने लावायचे. बीएस-6 आलं आणि तो कान एका दिवसात निम्म्या कामाला निकामी झाला. त्यांच्या वयाच्या काहींनी नव्या गाड्या घेणंच सोडलं, काहींनी "पार्ट बदला" हा सोपा रस्ता धरला. उस्तादांनी उधारी करून स्कॅनर घेतला, इंजेक्टर धुवायचं मशीन घेतलं, आणि मुलाकडून मोबाइलवर शिकून घेतलं.

त्यांनी आधी इंजेक्टरला हातच लावला नाही. मी तेच विचारलं तर म्हणाले, "आजारी कोण ते कळायच्या आधी ऑपरेशन कुणाचं करायचं?" पेट्रोलच्या नळीला गेज लावला. दाब तीन बारच्या आसपास हवा होता, तो सव्वादोनवर होता. टाकीतला पंप काढला तर त्याची जाळी तपकिरी गाळाने लिंपलेली. प्लगही झिजलेला.

मग इंजेक्टर. वेटोळ्याचा रोध मीटरवर 11.8 ओहम, म्हणजे कंपनीच्या पुस्तकातल्या मर्यादेत. चार सिलिंडरच्या मोटारीत चार इंजेक्टर एकमेकांशी ताडून बघता येतात. एका सिलिंडरच्या मोटरसायकलला तो एकटाच असतो, ताडायचा कुणाशी? उस्तादांनी अपघातात गेलेल्या त्याच मॉडेलच्या कमी चाललेल्या गाडीचा इंजेक्टर त्यासाठी जपून ठेवलाय. दोन्ही मशीनवर शेजारी लावले. त्याचं काचेच्या नळीत 58 मिली पेट्रोल जमलं, आमच्याचं 52. फवारा एका बाजूला फाटलेला. अर्धा तास मशीनमध्ये धुतल्यावर 57 आणि फवारा सरळ. शेवटी नुसता दाब देऊन, वीज बंद ठेवून एक मिनिट बघितलं. एक थेंबही पडला नाही. ही शेवटची तपासणी सगळ्यात महत्त्वाची. थेंब गळत असेल तर पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि इंजिन आतून झिजतं.

जाळी, प्लग, इंजेक्टरचे दोन्ही रबरी रिंग आणि मजुरी धरून 1150 रुपये झाले. मूळ इंजेक्टर परत बसला. दाब तीनवर आला, दम सोडणं थांबलं. पुढच्या दोन टाक्यांना अॅव्हरेज 45 निघालं.

भावाला तरी शंका होतीच. "नवीन टाकला असता तर आणखी चांगलं झालं असतं ना?" मी त्याला म्हटलं, नवीन इंजेक्टरलाही सव्वादोनच्या दाबानेच पेट्रोल मिळालं असतं आणि महिन्याभरात तोच गाळ त्याच्याही छिद्रांत बसला असता. आपण इस्राफ म्हटलं की लग्नाची जेवणावळ आठवते. चालू वस्तू न तपासता फेकणं हाही इस्राफच आहे. उलट, पैसे वाचवायला गळका पार्ट ठेवून भावाला रस्त्यावर पाठवणं हाही गुन्हाच झाला असता. जीव अमानत आहे. म्हणून उस्तादांना विचारून तीन गोष्टी वहीत लिहून ठेवल्या. थेंब गळला, रोध मर्यादेबाहेर गेला, किंवा धुऊनही फवारा सुधारला नाही, तर त्याच दिवशी कंपनीचा नवा टाकायचा, घासाघीस न करता. तोवर दर पावसाळ्याआधी जाळी आणि दाब बघायचा.

गाडी लिफ्टवर असताना उस्तादांनी पुढच्या टायरवर अंगठा फिरवून दाखवला. नक्षी जवळपास सपाट झाली होती. ओल्या रस्त्यावर इंजेक्टरपेक्षा मोठा धोका तो होता, आणि त्याच्याकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. इंजेक्टरसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून जे उरले त्यात थोडी भर घातली आणि त्याच संध्याकाळी नवा टायर बसवून घेतला.