परतूरच्या उन्हाळ्यासाठी कॉम्प्युटर

गेमिंग कॉम्प्युटर तयार घ्यावा की सुटे पार्ट आणून जोडावा, हा वाद बहुतेक वेळा किमतीवर येऊन थांबतो. जालना जिल्ह्यात राहणाऱ्याने मात्र आधी ऊन आणि लाइट यांचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे. 2023 च्या उन्हाळ्यात परतूरच्या भाच्यासाठी मशीन जोडलं, तेव्हा ते पक्कं झालं.

त्याने एक तयार मशीन हेरून ठेवलं होतं. काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे. माहितीत ग्राफिक्स कार्डाचं नाव ठळक, पण एसएमपीएसपुढे नुसते वॅट. कोणत्या कंपनीचा, त्याचा पत्ता नाही. "मामा, एकच बिल, एकच वॉरंटी. यात वाईट काय?" तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. 2021 मध्ये चिपांचा तुटवडा आणि क्रिप्टो मायनिंग यांमुळे सुटी कार्डं रास्त भावात मिळेनात, तेव्हा मीच ओळखीच्यांना तयार मशीन घ्यायला सांगत होतो. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं. 2023 पर्यंत कार्डं पुन्हा आवाक्यात आली होती.

भाच्याची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, आत विचारायलाच नको. पंख्यावर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली पंधरा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर चढतो. आम्ही निवडलेल्या रायझन 5 5600 ची मर्यादा 90 अंश. त्यापुढे तो स्वतःचा वेग कमी करतो. म्हणून कॅबिनेटला समोर काच नको, जाळी हवी, आणि जाळीमागे धूळ अडवणारा, काढून धुता येणारा फिल्टर हवा.

दुसरी गोष्ट एसएमपीएसची, आणि तिथे मी एक रुपयाही वाचवू दिला नाही. प्रोसेसर 65 वॅटचा, आरटीएक्स 3060 कार्ड 170 वॅटचं. चांगला 550 वॅटचा पुरतो. संध्याकाळी व्होल्टेज खाली आलं तरी 100 ते 240 व्होल्टवर चालणारा एसएमपीएस तग धरतो. मात्र असे एसएमपीएस स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर लोड आला की बंद पडू शकतात. म्हणून दिव्यांचे पैसे प्युअर साइन वेव्ह यूपीएसकडे वळवले. भाचा दोन दिवस गप्प होता.

काही पार्ट छत्रपती संभाजीनगरातून घेतले. कार्डासाठी आम्ही जनशताब्दीने मुंबई गाठली; लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, दुकानदार पार्ट हातात देऊन बोलतो, ते त्याने पाहावं अशी माझी इच्छा होती. प्रत्येक पार्टचं बिल वेगळं, वॉरंटी वेगळी. बिलांची फाइल त्यालाच करायला लावली.

जोडणी त्यानेच केली. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून तो अलगद ठेवला. या जातीच्या प्रोसेसरला खाली हजारावर बारीक पिना असतात, जोर लावायचा नसतो. रॅमच्या 8 जीबीच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पॉवर बटणाच्या वायरी बसवताना त्याचा घाम मदरबोर्डच्या माहितीपुस्तकावर टपकत होता. स्क्रीन उजळली तेव्हा ताई खालून जेवायला हाका मारत होती, आणि हा बायोसमध्ये रॅमचा वेग 3200 वर नेत होता.

पुढे पावसाळ्यात एकदा मशीन सुरू होईना. पंखे फिरत होते, डिस्प्ले नव्हता. मला फोन येण्याआधीच त्याने रॅम काढून टोकं खोडरबराने पुसली होती आणि मशीन चालू केलं होतं. फोन केला तो दुसऱ्या एसएसडीच्या भावासाठी. तिची खाच ग्राफिक्स कार्डाखाली आहे, हे त्यानेच मला सांगितलं.