‘नवीन घे’ म्हणालात, काका

काका,

परवा फोनवर मी गप्प राहिले, पण तुमचं ते “पार्ट मिळत नाहीत हल्ली, मिक्सर नवीनच घे” फार लागलं. दुसरं कुणी म्हणालं असतं तर हसून सोडलं असतं. पण तुम्ही?

आमचा टेबलफॅन रेवदंड्याच्या बाजारात तुमच्याकडे किती वेळा आला, आठवतंय? खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजून घट्ट बसायचे. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडून तुम्ही म्हणायचात, “कळ काढ जरा, घाई केलीस तर डोकं जायचं.” स्क्रूचं की माझं, ते कधी सांगितलं नाहीत. हाच मिक्सर बंद पडला म्हणून मी रडवेली होऊन आले, तर तुटलेला कपलर हातावर ठेवून तुम्ही खूश! “हा तुटायलाच असतो गं. हा गेला म्हणून मोटार वाचली.”

आणि ३ जून २०२०? निसर्ग वादळ येऊन गेलं, दिवसचे दिवस लाइट नाही, आणि तुमच्या अंगणात ऊन पडेल तसे अख्ख्या आळीचे पंखे-मिक्सर पापडांसारखे वाळत घातलेले. कुणाकडून पैसा घेतला नाहीत. काकूंचा त्यावरचा राग अजून गेलेला नाही, तुम्हाला म्हणून सांगते.

त्याच वादळात आमची कौलं गेली नि पत्रे आले. आता मे महिन्यात शाकारणी नाही, फुटकं कौल शोधणं नाही. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण वर्षातून एकदा घराची विचारपूस व्हायची, ती राहिली.

मग तुम्ही मुलाकडे खारघरला गेलात. दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. तुमचं काम कुणी उचललं नाही, असं तुम्ही म्हणता. मी मागत होते की! “मुलीच्या हाताला चटके बसतील,” म्हणालात. चुलीपाशी बसत नाहीत का?

बरं, तुमचंही काही चुकत नाही. चार्जिंगचा दिवा उघडायला घेतला, तर एक स्क्रू नाही. सगळा डिंकाने चिकटवलेला. सुरीने उघडला, तो पुन्हा मिटलाच नाही. बल्ब कंपन्यांची ही खोड जुनीच. १९२४ मध्ये जिनिव्हात मोठ्या कंपन्यांनी संगनमत केलं आणि बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणलं. जास्त टिकणारा बल्ब काढणाऱ्याला दंड! तुम्ही असता तर रोजच दंड भरला असता.

डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं, गाड्या यांच्या दुरुस्तीची, सुट्या भागांची माहिती कंपन्यांनी तिथे द्यायची. चांगलंच आहे. पण ती वाचून हत्यार उचलणारा आपल्या बाजारात कोण उरलाय, सांगा?

असो. रविवारी सकाळच्या एसटीने येतेय. मिक्सर पिशवीत बांधलाय. खाली चार स्क्रू आहेत, मोजलेत. तेलाची बाटली मी आणते, चष्मा तुम्ही शोधून ठेवा. आणि या वेळी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात.

तुमची,
चटके बसलेली पुतणी