टुकटुक थांबली तेव्हा...

उजनीला जायचं म्हटलं की आपण पुणेकर मंडळी भिगवणपाशीच गाडी वळवतो. फ्लेमिंगो बघायचे, मासळीच्या थाळीवर ताव मारायचा आणि अंधार पडायच्या आत घरी. यंदा मेच्या पहिल्या वीकेंडला आम्ही चौघांनी ठरवलं, थोडं पुढे जाऊ या. टेंभुर्णीपर्यंत सोलापूर हायवे, तिथून करमाळ्याचा रस्ता, कंदरच्या केळीच्या बागा मागे टाकत थेट पलीकडचा काठ. गर्दी शून्य, सेल्फी स्टिक शून्य, मोबाइलची रेंजही जवळपास शून्य!

भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि इथल्या गावांमध्ये पाणी आलं. समोर इंदापूर तालुका दिसतो, पण रस्त्याने जायचं तर भलामोठा वळसा. त्यामुळे बोट म्हणजे इथे जॉयराइड नाही, एसटी आहे. बाजाराच्या पिशव्या, माणसं, कधी कधी मोटारसायकलसुद्धा बोटीतूनच जाते.

आम्हाला पाण्यात नेणारे मामा साठीच्या आसपासचे. बोट लाकडी, मधोमध डिझेल इंजिन, हँडल मारून चालू होणारं. टुकटुक टुकटुक करत निघालो. पाऊण तास झकास गेला. मग टुकटुक अडखळली, एकदा खोकली आणि बंद.

अशा वेळी शांतता फार मोठी वाटते. त्यात पश्चिमेला ढग दाटलेले, वारा सुटलेला. याच पाण्यात २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. हे आम्हा चौघांनाही आठवलं असणार, कारण कुणीच काही बोललं नाही. लाइफ जॅकेटचे पट्टे मात्र सगळ्यांनी आवळले.

मामांनी इंजिनाकडे बघितलंही नाही. आधी नांगर टाकला. “बोट वाहत गेली तर इंजिन दुरुस्त करून काय करायचं, पाव्हणं?”

“फ्युएल पंप गेला असेल,” आमच्यातला मेकॅनिकल इंजिनीअर म्हणाला. (तो सध्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.) मामा हसले. “पंप गेला म्हणायला सोप्पंय. डिझेल कुठवर येतंय ते बघू की आधी.”

पेट्रोलच्या बाइकला स्पार्क प्लग असतो, डिझेलला नसतो. इथे हवा दाबून इतकी तापवतात, की डिझेलची बारीक फवार पडताच पेट घेते. फवारा मारायला जोरदार दाबाचा पंप आणि टाकीतून त्याच्यापर्यंत डिझेल ओढून आणायला दुसरा छोटा पंप. मधल्या नळीत हवा शिरली की संपलं. डिझेल दबत नाही, हवा मात्र स्पंजसारखी दबते. मग नोझल उघडतच नाही. गॅरेजच्या भाषेत, इंजिनने ‘एअर पकडली’.

मामा टाकीपासून निघाले. टाकीत डिझेल होतं. कॉक उघडा होता. फिल्टरच्या तळाशी पाणी नव्हतं. मग त्यांनी ऑइलची पट्टी काढून चक्क हुंगली. छोट्या पंपातला रबरी पडदा फाटला तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं, लेव्हल वाढते आणि वास येतो. वास नव्हता. म्हणजे पडदा शाबूत.

मग पंपाची हाताने हलवायची दांडी. ती नुसतीच ढिली हलत होती, दाब म्हणून नाही. “बघा, पंपच गेला!” इंजिनीअर पुन्हा उत्साहात. मामांनी फ्लायव्हील एक फेरा फिरवलं आणि दांडीला जोर आला! आतला कॅम दांडीवर टेकून थांबला असेल तर हातानं पंप मारताच येत नाही. या एका फेऱ्यावाचून किती चांगले पंप भंगारात गेले असतील कोण जाणे.

फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, दांडी मारली. फेस आला. पुन्हा मारली, पुन्हा फेस. थांबतच नव्हता. म्हणजे हवा अजून कुठून तरी आत येत होती. टाकी आणि पंपाच्या मधल्या जोडावरचं तांब्याचं वायसर झिजलेलं निघालं. तिथून डिझेल बाहेर गळत नव्हतं, म्हणून कुणाला दिसलंच नव्हतं. पंप ओढायला लागला की तिथून हवा आत जायची.

तंबाखूच्या डबीतून नवीन वायसर आलं. पुन्हा दांडी. फेस, बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला. नोझलजवळचा नट सैल करून मी हँडल फिरवलं (माझं योगदान एवढंच!). पिचकारी उडाली, नट आवळला, मामांनी स्वतः हँडल मारलं. काळा धूर, आणि टुकटुक!

काठाला लागलो तेव्हा पाणी चांगलंच उसळायला लागलं होतं. मामांनी आमच्याकडून ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही, पण चहा पाजल्याशिवाय सोडलंही नाही.

तुम्हाला जायचं असेल तर ट्रेनने जेऊर स्टेशन सोयीचं. उन्हाळ्यात सकाळीच पाण्यात उतरा, दुपारनंतर वाऱ्याचा भरवसा नाही. लाइफ जॅकेट नसलेल्या बोटीत बसू नका, कितीही आग्रह झाला तरी. आम्ही परतताना टेंभुर्णीत थांबून डझनभर तांब्याची वायसर घेतली. मामांच्या डबीतलं शेवटचं आमच्यासाठी गेलं होतं.