केसरीच्या यादीतल्या रिकाम्या ओळी

महाराष्ट्र केसरींची यादी कुस्तीशौकिनांना तोंडपाठ असते. १९६१ दिनकर दह्यारी, १९६२ भगवान मोरे, १९६४ आणि १९६५ गणपतराव खेडकर... गावोगावचे जुने मल्ल ती न अडखळता म्हणून दाखवतात. मी पंच आहे. मला या यादीतल्या ज्या ओळींत नाव नाही, त्याही तितक्याच मोलाच्या वाटतात. १९६३, सातारा : अनिर्णित. १९७७, चाळीसगाव : अनिर्णित. हजारो माणसं जमली होती, मल्ल तयारीचे होते, पण अंतिम कुस्तीचा निकाल लागला नाही आणि त्या वर्षी किताब कुणालाच दिला गेला नाही. निकाल नाही तर केसरी नाही, हे सांगायची छाती त्या काळच्या संयोजकांकडे होती. या किताबाला जी पत आली, ती अशा नकारांमुळेही आली, असं माझं ठाम मत आहे.

मुंबई राज्याच्या काळात, १९५३ मध्ये, कुस्तीगीर परिषद उभी राहिली आणि मामासाहेब मोहोळांनी तिला आकार दिला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि पुढच्याच वर्षी औरंगाबादला पहिला महाराष्ट्र केसरी ठरला. मग धुळे, सातारा, अमरावती, नाशिक. ही स्पर्धा ज्यात होते त्या परिषदेच्या अधिवेशनाची ही वाट पाहिली की लक्षात येतं, निजामाच्या राजवटीतून आलेला मराठवाडा, मध्य प्रांतातून आलेला विदर्भ आणि तालमींचं माहेर असलेला कोल्हापूर-सांगलीचा पट्टा या एका आखाड्यात एकत्र येत होते. शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग मैदान १९१२ पासून कोल्हापुरात होतंच, पण तिथली कुस्ती संस्थानाच्या आश्रयावर वाढलेली. महाराष्ट्र केसरी हा राज्यातल्या लोकांनी आपल्या मल्लाला दिलेला मान होता.

हा मान सगळ्या थरांत पोहोचला. लातूर जिल्ह्यातले हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे केसरी. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. त्यांच्याच हाताखालचे काका पवार अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले आणि जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत अंतिम फेरीला उतरलेले हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे दोघंही काका पवारांचेच पठ्ठे होते. सदगीरनं कुस्ती ३-२ अशी जिंकली आणि हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. सोलापूरकडच्या बोरामणीच्या शेख घराण्यात इस्माईल (१९८०), अप्पालाल (१९९२) आणि मुन्नालाल (२००२) असे तीन केसरी झाले. २०११ ते २०१३ सलग तीन वर्षं नरसिंग यादव, त्यानंतर २०१४ ते २०१६ विजय चौधरी. असं सातत्य फक्त अंगातल्या ताकदीवर राखता येत नाही. त्याला वस्तादाची नजर लागते, खुराक लागतो आणि मागं उभं राहणारं गाव लागतं.

जुन्या मैदानात निकाल सगळ्यांना दिसायचा. पाठीला माती लागली की संपलं. शेवटच्या ओळीतला माणूसही सांगू शकायचा. चितपट झाली नाही तर कुस्ती बरोबरीत सुटायची. आता माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता अंतिम कुस्तीला गादीवर भेटतात. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. ताबा घेतला तर दोन गुण, रिंगणाबाहेर ढकललं तर एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच थांबते. गुण समान झाले तरी निकाल लागतोच. मोठा डाव कुणाचा, ताकीद कुणाला, शेवटचा गुण कुणाचा, हे क्रमानं पाहिलं जातं. म्हणजे आजच्या नियमांत अनिर्णित हा शब्दच उरलेला नाही. ही प्रगती आहे. वेळकाढू खडाखडी कमी झाली, चपळाई वाढली, आपला मल्ल देशाबाहेरच्या गादीवर बुजेनासा झाला. पण निकालाचं सगळं ओझं मल्लाच्या पाठीवरून पंचाच्या नजरेवर आलं.

जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखला बाहेरची टांग हा डाव मारला आणि त्याला चार गुण मिळाले. प्रश्न एवढाच होता की सिकंदर थेट धोकादायक स्थितीत पडला की नाही. पडला असेल तर चार, नसेल तर दोन. क्षणाच्या तुकड्यात ठरणारी ही गोष्ट महाराष्ट्रभर आठवडेच्या आठवडे चघळली गेली. त्याच वर्षी फुलगावात सिकंदरनं शिवराज राक्षेला चितपट करून केसरीची गदा मिळवली, तेव्हा कुणाला वाद घालायला जागाच उरली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला राक्षे चितपट झाल्याचा निर्णय वादात सापडला, राक्षेनं पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात किंवा पाय उगारणं कुठल्याही कारणानं क्षम्य नाही. पण चित्रफीत पुन्हा पाहण्याची सोय असताना केसरी गटाच्या कुस्तीचा निर्णय मैदानातल्या लोकांना दाखवून, समजावून का दिला जात नाही, हा मल्लांचा प्रश्नही खरा आहे. आम्ही पंचांनी त्याचं उत्तर द्यायला हवं.

त्याहून मोठी जखम फुटीची आहे. संघटनेच्या भांडणात नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला एक केसरी झाला आणि काही दिवसांत धाराशिवला दुसरा. २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि पुढच्याच महिन्यात कर्जतला वेताळ शेळके. चौघंही जातिवंत मल्ल, घाम गाळूनच तिथवर आलेले. त्यांचा काहीही दोष नाही. पण ज्या यादीत एका वर्षासमोर नाव लिहायला नकार दिला गेला होता, तिच्यात आता एका वर्षासमोर दोन नावं आहेत. एकाच गटाचे किताब वाढले की मान वाटला जातो, आणि वाटलेला मान कुणाच्याच वाट्याला पुरा येत नाही.

किताबाचा परीघ मात्र वाढायला हवा. केसरी गट ८६ ते १२५ किलोंचा. हेलसिंकीला १९५२ मध्ये देशाला कुस्तीतलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव बँटमवेटचे मल्ल होते. जागतिक स्पर्धेत २०१९ मध्ये कांस्य जिंकणारा बीडचा राहुल आवारे ६१ किलोंचा. या दोघांच्या वजनाच्या पोराला आजही केसरी होता येत नाही. अधिवेशनात हलक्या गटांच्या कुस्त्या होतात, पण गदेचा मान तिकडे जात नाही. दुसरीकडे मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीनं तो मान मिळवला. असं एक दार उघडता येतं, तर हलक्या वजनाचंही उघडता येईल.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. राज्यात प्रत्येक गटात वर्षाला एकच महाराष्ट्र केसरी व्हावा आणि त्यासाठी संघटनेच्या भांडणातल्या दोन्ही बाजूंनी मांडीला मांडी लावून बसावं. केसरी गटाच्या उपांत्य फेरीपासून प्रत्येक वादग्रस्त गुणाची चित्रफीत मैदानातल्या पडद्यावर दाखवून निर्णय जाहीर व्हावा. आणि पंचांना दरवर्षी नव्यानं शिक्षण आणि परीक्षा असावी. मी स्वतः त्या परीक्षेला आनंदानं बसेन. साताऱ्याच्या आणि चाळीसगावच्या संयोजकांनी संशय असलेला किताब देण्यापेक्षा न देणं पत्करलं होतं. आपल्याला तर निर्णय निःसंशय करण्याची साधनं मिळाली आहेत. ती न वापरणं हा चार वर्षं तालमीत राबून गदेसाठी उतरलेल्या पोरावरचा अन्याय आहे, आणि तो थांबवणं आपल्या हातात आहे.