सायकलीचा दिवा आणि दुसरे शील

आमच्या घरात सायकल एकच. मधली दांडी नसलेली, म्हणून आम्हा नवरा-बायको दोघांनाही चालते. एकाची पाळी सकाळची, दुसरीची संध्याकाळची. देहूरोडच्या वस्तीतून स्टेशनपर्यंत सायकल, तिथून पुढे लोकल. दुपारी एकाने उतरून ती घरी आणायची, तासाभरात दुसरीने तीच घेऊन निघायचे. बाकी सारा वेळ ती स्टेशनाबाहेर उघड्यावर उभी.

सायकलीला कुलूप होते, त्यामुळे सायकल कधी गेली नाही. पण तिच्या अंगावरचे एकेक जाऊ लागले. आधी घंटीची वाटी गेली. मग सीटचे कव्हर. मग हवेच्या वॉलची टोपणे. आम्ही हसून सोडून दिले. गरिबाच्या सायकलीला नजर लागली म्हणालो. पुढे मागचा लाल दिवा गेला, आणि हसणे थांबले.

त्या रात्री जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने परतताना मागून ट्रक आला. चालकाला सायकल उशिरा दिसली असावी. इतक्या जवळून गेला की तोल जाऊन सायकल मातीत उतरली. गुडघा खरचटला, डबा सांडला, एवढ्यावर निभावले. पण दारात जागी बसलेली मुले ते रक्त पाहून काही बोलेनात. चोराने नेली ती दोन-अडीचशे रुपयांची वस्तू. जाणार होता तो मात्र जीव.

दुसऱ्या दिवशी स्टेशनाबाहेर एकजण सहज म्हणाला, "तुमच्याच वस्तीतली पोरे असतील." आम्हाला राग आला. काही पाहिले नाही, विचारले नाही, आणि बोट वस्तीकडे. पण बंधू-भगिनींनो, खरे सांगायचे तर त्याच रात्री आम्हीही अंथरुणावर पडून शेजारच्या पोरांची नावे मोजत होतो. हा मोबाईल कुठून आणतो, तो कामाला जात नाही. मग आमची आम्हालाच लाज वाटली. चोरी झाली की संशय कुणावर जातो, हे आपल्या वाडवडिलांनी फार सोसले आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने तर काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण माणसांच्या मनातला संशय काही गेला नाही. तोच आपण आपल्या शेजाऱ्यावर टाकायचा? दिवा कुणी नेला ते आम्हाला आजही ठाऊक नाही, आणि आता शोधायचेही नाही.

रविवारी नवा दिवा घ्यायला गेलो, तर एकाने जुन्या सामानाच्या ढिगातून एक दिवा काढला. "ऐंशी रुपये द्या, चालू आहे." महिनाअखेर होती. हात खिशात गेलाही होता. बरोबर आलेली मुलगी म्हणाली, "आई, हा कुणाच्या सायकलीचा असेल?"

आम्ही दोघेही गप्प झालो. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणायचे, दुसऱ्या शीलात न दिलेले घेणार नाही म्हणायचे, आणि इथे कुणाच्या तरी अंधारातल्या वाटेचा उजेड ऐंशी रुपयांत घ्यायचा? घेणारा आहे म्हणून चोरणारा आहे. कायदाही तेच सांगतो. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे वाटायला कारण असताना तो घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आम्ही तो दिवा खाली ठेवला. पगार होईपर्यंत मागच्या मडगार्डला चमकणारी पट्टी चिकटवली आणि रस्त्याचा अंधाराचा भाग सायकल हातात धरून चाललो.

त्यानंतर जे शिकलो ते सांगतो, कारण आपल्या पुष्कळ घरांत सायकलीवरच पोट आहे.

हाताने निघते ते सायकलीवर ठेवूच नये. नवा दिवा खटक्याचा आहे. तो काढून डब्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात जातो. जागा ठरलेली असली की विसर पडत नाही. पंपही घरीच असतो.

जे काढता येत नाही ते पान्याशिवाय निघू नये. नव्या सायकलींना सीट वरखाली करायला खटका असतो. तो चोरालाही सोयीचा. मिस्त्रीकडून तिथे साधा नट-बोल्ट बसवून घ्यावा. जुनी चेन जुन्या ट्यूबमध्ये घालून सीटखालच्या तारेतून व सायकलीच्या सांगाड्यातून ओवावी आणि तिची कडी जोडून टाकावी. सीट हलत नाही, रंगही खरडत नाही.

घंटीची वाटी हातानेच फिरवून निघते. आट्यांवर नखाला लावायच्या रंगाचा थेंब सोडून घट्ट फिरवली की ती सहजी सुटत नाही. षटकोनी खड्ड्याचे बोल्ट असतील तर खड्ड्यात बारीक छर्रा टाकून वर मेणबत्तीचे मेण ओतावे. आपल्याला काढायचे तेव्हा गरम सुईने निघते. चोराला तेवढा वेळ नसतो.

प्रत्येक वस्तूवर खिळ्याने आपली खूण कोरावी. खूण असलेली वस्तू विकणे जड जाते. सांगाड्यावरचा नंबर वहीत लिहून ठेवावा आणि पावती जपावी.

आणि जागा. आडोशाला लावली की सायकल सावलीत राहते, पण चोरही सावलीत राहतो. आम्ही आता चहाच्या गाडीसमोर, दिव्याखाली, लोखंडी कठड्याला साखळीने बांधतो. चहावाल्या मावशींना जाता-येता जयभीम घालतो. एवढ्या ओळखीने त्यांची नजर आपोआप सायकलीवर राहते.

परवा वंदना झाल्यावर आम्ही पाने, जुनी चेन आणि मेणबत्ती घेऊन अंगणात बसलो. वस्तीतल्या मुलांच्या अकरा सायकली आवळून दिल्या. ज्यांची नावे आम्ही त्या रात्री मोजली होती, त्यांतले दोघे पाना धरायला पुढे आले. त्यांतल्या एकाच्या सायकलीलाही मागचा दिवा नव्हता. विचारले, तर म्हणाला, "गेला काका, दोन महिने झाले."

ज्या देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्ती बसवली, तिथली आम्ही माणसे. दुसरे शील आम्ही लहानपणापासून म्हणत आलो. त्या मुलाच्या मडगार्डला चमकणारी पट्टी चिकटवताना कळले की शेजाऱ्याचे नाव विनाकारण घेणे, हेही त्याचे काही न दिलेले घेणेच आहे.