दुपारचा सारंग

सारंग मी कित्येक वर्षं रात्री ऐकत आलो. कॅसेट लावायची, जेवण झालेलं, डोक्यावर पंखा. म्हणजे रात्री अकराला ऊन खायला बसल्यासारखं. पण करणार काय? शहरानं गाण्यातली दुपार केव्हाच गिळून टाकली आहे. माणूस कचेरीतून सुटणार सहाला, हॉल उघडणार साडेसहाला, दहाला माईक बंद. तेवढ्यात पूरियापासून बागेश्रीपर्यंत जे बसेल ते बसवायचं. मुलतानी, गौडसारंग, तोडी बिचाऱ्या नोकरीच्या वेळात आलेल्या पाहुण्यांसारख्या दारातूनच परत जातात.

दुपारचा सारंग दुपारी ऐकायला मला औंधला जावं लागलं. औंध म्हणजे पुण्यातलं नव्हे. साताऱ्याच्या पूर्वेचं, खटाव तालुक्यातलं. रहिमतपूर सोडून एसटी पुढे निघाली की ऊस मागे पडत जातो, माळ सुरू होतात आणि मग टेकडीवर यमाईचं देऊळ दिसतं.

अंतूबुवा जोशी इथल्या दरबारचे गवई, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ त्यांनी 1940 साली इथे गाण्याचा उत्सव सुरू केला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी मोठे रसिक. स्वतः चित्रं काढत, कीर्तनं करत, आणि अख्ख्या संस्थानाला सूर्यनमस्कार घालायला लावत. आदल्याच वर्षी त्यांनी कारभार रयतेच्या हाती सोपवला होता. 1948 मध्ये संस्थानच विलीन झालं. दरबार उठला की दरबारातलं गाणंही उठतं, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. इथे ते उठलं नाही. मला वाटतं, उत्सव राजाचा नव्हताच, गुरूचा होता. आणि गुरूची तिथी कुठल्या करारनाम्यानं विलीन होत नाही. आश्विन वद्य पंचमी. सोमवारी येवो की बुधवारी, शनिवार-रविवार बघून ती हलत नाही.

पुढे अंतूबुवांचे चिरंजीव गजाननबुवा. गळ्यात ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर असं तीन घराण्यांचं गाणं आणि हातात व्हायोलिन. 1981 मध्ये त्यांनी शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठान स्थापन केलं. आज उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर ही त्यांच्या शिष्यांची नावं सगळीकडे घेतली जातात. औंधला मात्र मोठं नावही घरच्या कार्याला आल्यासारखं येतं.

मी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. ऑक्टोबरचं ऊन, तंबोऱ्याला सोसत नाही. एक तरुण शिष्य तंबोरा मांडीवर आडवा घेऊन बसला होता. तार आणि घोडी यांच्यामधला दोरा सुताएवढा पुढे सारायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा मागे. तार सुरात येत होती, पण तिच्यातून तो गुंजारव काही उठेना. शेवटी तो वैतागून शेजारच्याला म्हणाला, "जवारी लागतच नाहीये."

माझ्या बाजूला पटकेवाले एक आजोबा बसले होते. त्यांनी हे ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "कशी लागंल? वल कुठाय रानात?"

चेहरा इतका सरळ की चेष्टा होती की चिंता, मला आजही सांगता येणार नाही.

मग एकदाची ती लागली. चारी तारा एकमेकींत मिसळल्या आणि वृंदावनी सारंग सुरू झाला. या रागात गंधार नाही, धैवत नाही. रिषभावरून मध्यमाकडे जाताना वाटेत एक झाड नाही. जाताना शुद्ध निषाद, येताना कोमल, एवढीच काय ती सावली. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण उघड्या दारातून समोरचा माळ दिसत असताना ऐकलं तेव्हा गाळलेल्या स्वरांची जागा नजरेनं मोजता आली. मध्येच वीज गेली, माईक मुका झाला. गवयानं समेवर येईपर्यंत मानही वर केली नाही. आणि कुणी काही न सांगता सगळी बैठक, सतरंज्यांसकट म्हणावी अशी, हातभर पुढे सरकली. वीज परत कधी आली ते खरंच लक्षात आलं नाही.

आजोबा दिवसभर तिथेच. मुलतानीला डोळे मिटून, तबल्याच्या लग्गीला उघडून. रात्री दहाच्या सुमाराला मात्र उठले, धोतर झटकलं.

"आजोबा, मालकंस व्हायचाय अजून."

"आमची थ्री फेज अकराला येती. दारं धरायला पायजेल. तुम्ही ऐका."

मालकंस झाला. फार चांगला झाला. तरी त्यातल्या एका लांबलेल्या मध्यमावर माझं मन सरीतून चाललेल्या पाण्याकडे गेलं, हे कबूल करायला हवं.

पहाटे पहिल्या गाडीसाठी स्टँडवर आलो, तर आजोबा चहाच्या टपरीवर. पिंढऱ्यांपर्यंत काळा चिखल, खांद्यावर खोरं. मला ओळखलं. बशीत चहा ओतता ओतता विचारलं,

"मग, जवारी लागली का रात्री?"

"लागली की. शेवटपर्यंत टिकली."

"आमचीबी भिजली," ते म्हणाले, आणि बशीवर फुंकर घातली.