तीन पुरांतली ओमा

कॅनडाला गेलेला आपला माणूस नायगाऱ्याचा धबधबा पाहतो, टोरंटोचा उंच मनोरा पाहतो, आणि परत आल्यावर दोन्हींची छायाचित्रे दाखवून आपल्याला दमवतो. गेल्या उन्हाळ्यात मीही ती दोन्ही स्थळे पाहिली. पण त्यांची वर्णने आपण इतक्यांदा वाचली असतील, की त्यांत माझी भर नको. मी वाचकांना नेणार आहे ती एका कांद्याच्या शेतात!

टोरंटोहून उत्तरेला मोटारीने तासाभरात ब्रॅडफर्ड नावाचे गाव लागते. माझी धाकटी बहीण तिथे राहते. गावाबाहेरचा उतार संपला की जमीन एकदम परातीसारखी सपाट होते आणि तिचा रंग काजळासारखा काळा होतो. नजर पोचेल तिथवर कांदे आणि गाजरे! सुमारे सात हजार एकरांच्या या सखल भागाचे नाव हॉलंड मार्श. मार्श म्हणजे दलदल. डच लोकांनी वसवले म्हणून 'हॉलंड', असे कोणालाही वाटेल. पण हे नाव आले अठराव्या शतकातल्या सॅम्युएल हॉलंड या भूमापन अधिकाऱ्यावरून. मौज अशी, की हे गृहस्थही जन्माने डचच होते.

1925 ते 1930 या काळात या दलदलीभोवती कालवा खणला, बांध घातले आणि आतले पाणी पंपांनी उपसून बाहेर काढले. 1934 साली इथे काही डच कुटुंबे आणून वसवली. ज्यांच्या देशाचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यांना बांधाच्या आड राहण्याचे काय भय?

बहिणीची शेजारीण अशाच एका डच घराण्यातली. पन्नाशीची, शाळेत शिक्षिका, बोलायला मोकळी. डच भाषेत आजीला 'ओमा' म्हणतात. या बाईंची ओमा 1924 साली जन्मली आणि 2018 साली वयाच्या 94 व्या वर्षी गेली. तिची गोष्ट मी त्यांच्या स्वयंपाकघरात, कॉफीच्या तीन पेल्यांत ऐकली. मधूनमधून त्या मला ज्येष्ठमधाच्या खारट गोळ्या देत होत्या. डच माणसाला त्या प्राणाहून प्रिय. मी मात्र पहिली गोळी शिष्टाचार म्हणून संपवली आणि दुसरी रुमालात ठेवली.

ओमा झीलंड प्रांतातली, स्खाउवेन-डाउवेलंड या बेटावरची. झीलंड म्हणजे समुद्रभूमी. त्या प्रांताच्या राजचिन्हात लाटांतून वर येणारा सिंह आहे आणि खाली लॅटिन वचन आहे: मी झुंजतो आणि वर येतो.

ओमाने आयुष्यात तीन पूर पाहिले. पहिला शत्रूने आणला. 1944 साली जर्मन सैन्याने ते बेट मुद्दाम पाण्याखाली घातले आणि बहुतेक रहिवाशांना बाहेर काढले. तेव्हा ती वीस वर्षांची होती. युद्ध संपले, माणसे परतली, शेते पुन्हा उभी राहिली, तिचे लग्न झाले. मग दुसरा पूर समुद्राने आणला. 31 जानेवारी 1953 च्या रात्री भरती आणि वादळ एकत्र आले, बांध फुटले, आणि नेदरलँड्समध्ये 1,836 माणसे बुडाली. ओमा, तिचा नवरा आणि दोन मुले रात्रभर माळ्यावर बसून होती. खाली गोठ्यात गाई हंबरत होत्या. पहाटेच्या सुमारास हंबरणे थांबले.

पाणी ओसरले तरी मीठ मागे राहिले. खाऱ्या पाण्यात भिजलेली जमीन लगेच पीक देत नाही. त्या काळी डच सरकार देशांतर करणाऱ्यांना उत्तेजन देत असे. देश लहान, माणसे फार, युद्धाने मोडलेली घरे. पैसे मात्र फारसे बाहेर नेऊ देत नसे. म्हणून लोक असेल त्या पैशाचे सामान घेत आणि खोलीएवढ्या लाकडी पेटाऱ्यांत भरून बोटीवर चढवीत. 1947 नंतरच्या वीसएक वर्षांत दीड लाखाहून अधिक डच माणसे अशी कॅनडात आली.

1954 च्या वसंतात ओमाचे कुटुंब 'ग्रोटे बेर' बोटीने निघाले. या नावाचा अर्थ मोठे अस्वल. आकाशातल्या त्या अस्वलातच आपले सप्तर्षी बसले आहेत. हॅलिफॅक्स बंदरातल्या 'पियर 21' नावाच्या धक्क्यावर ती उतरली. आगगाडीने ऑन्टॅरिओत आली आणि हॉलंड मार्शमध्ये एका शेतकऱ्याकडे मजुरीला लागली. नवरा-बायको गुडघ्यांवर रांगत कांद्यातले तण काढीत.

सहा महिने झाले नाहीत तोच तिसरा पूर आला. तो आभाळाने आणला. 15 ऑक्टोबर 1954 ला 'हेझल' नावाचे चक्रीवादळ ऑन्टॅरिओवर कोसळले. प्रांतात 81 माणसे दगावली. मार्शचे पुन्हा तळे झाले. घरे पायावरून सुटून तरंगत गेली. ब्रॅडफर्डच्या टेकडीवरून ओमाचा नवरा ते पाणी पाहत राहिला आणि म्हणाला, "आता कुठं जायचं?"

ओमाने वाकून ओंजळभर पाणी घेतले, चाखले आणि थुंकून टाकले. म्हणाली, "गोडं आहे. कांदे येतील. इथंच राहायचं."

पंपांनी पाणी उपसले, पुढच्या वसंतात पेरणी झाली, आणि कांदे आले!

राहायचे ठरल्यावर तिने आणखी एक गोष्ट ठरवली. शाळेत मुलांना उच्चारांवरून चिडवीत. एके दिवशी ओमाने घरात डच बोलणे बंद केले. स्वतःचे इंग्रजी मोडकेतोडके. पण मुलांशी तेच. नातवंडांच्या वाट्याला डच आली ती 'ओमा' या एका शब्दापुरती. अनेक डच घरांत हेच झाले. नव्या देशात ही माणसे इतक्या झटपट मिसळली, की त्यांची भाषा एका पिढीत मागे पडली.

नव्वदी उलटल्यावर ओमाची स्मृती गेली. अशा दुखण्यात पुष्कळदा मागाहून आलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा शेवटपर्यंत राहते. ओमाचे इंग्रजी गेले. शुश्रूषागृहात ती रोज रात्री उठून बसे आणि म्हणे, "हेत वातर कोम्त." परिचारिकांना त्यातला पाण्याचा शब्द तेवढा कळे, त्या तत्परतेने पेला भरून आणीत. ओमा तो ढकलून देई. नोंदवहीत लिहिले गेले: रात्री तहान लागते, पण पाणी पीत नाही.

नातीने ते तीन शब्द कागदावर उतरवले आणि चर्चमधल्या एका वृद्ध डच गृहस्थांना वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ती पाणी मागत नाही, पोरी. पाणी येतंय, असं सांगतेय."

नातीने विचारले, "मग मी काय म्हणू?"

त्यांनी तिला एक वाक्य शिकवले: "हेत वातर इस वेख." पाणी गेलं. त्या रात्री नात ओमाच्या उशाशी बसली आणि चुकतमाकत ते बोलली. ओमाने तिच्याकडे पाहिले. पुष्कळ दिवसांनी कोणीतरी तिला उत्तर दिले होते! तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला, आणि तो नातीला कळला नाही. पुढच्या रविवारी त्या गृहस्थांनी अर्थ सांगितला: गाईंचं काय झालं?

"मला एक खोटं वाक्य शिकवा," नात म्हणाली. त्यांनी शिकवले: गाई बांधावर आहेत.

असे दर रविवारी एक, याप्रमाणे अकरा वाक्ये झाली, तेव्हा ओमा गेली. मी वीस वर्षे भाषा शिकवते आहे. कर्ता, कर्म, क्रियापद यांवरून मुलांना पुष्कळ रागावले आहे. पण भाषेचा पहिला धडा 'पाणी गेलं' इथून सुरू झालेली विद्यार्थिनी मला ही एकच भेटली.

त्या संध्याकाळी आम्ही कालव्याच्या बांधावर फिरायला गेलो. बहिणीचा नऊ वर्षांचा मुलगा बरोबर होता. त्याला मराठी समजते; बोलतो मात्र तो इंग्रजीच. शेजारीणबाईंनी त्याच्या आग्रहावरून आपली अकराही वाक्ये म्हणून दाखवली. तो दगड भिरकावत ऐकत होता. मग माझ्याकडे वळून त्याने इंग्रजीत विचारले, "मावशी, ते गाईंचं वाक्य आपल्यात कसं म्हणायचं?"

मी सांगितले.

"गाई बांधावर आहे," तो मोठ्याने म्हणाला.

बहिणीने माझ्याकडे पाहिले. अनेकवचन चुकले होते. मी म्हटले, "छान. पुन्हा म्हण."